बेताचं कापड

शिंपीदादांना डॉक्टरांची भाषा आयुष्यात एकदाच कळली. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेकीचं लहान आतडं आता फक्त ऐंशी सेंटीमीटर उरलंय." दादा हबकले, मग बोलून गेले, "म्हणजे एका ब्लाउजचं कापड! बेतून वापरलं की पुरतं."

तेव्हापासून सोळा वर्षांच्या लेकीचं सगळं बेताने. दिवसातून आठदा थोडं थोडं खायचं, आणि घटाघटा पाणी नाही, मापाचं मीठ-साखरपाणी घोट घोट प्यायचं. तिच्या हातात सरबताची बाटली दिसली, की कापडावर इस्त्री विसरल्यासारखे दादा धावत सुटायचे.

लेकीला हवं होतं एकच: पोहायला जायचं. पण छातीत शिरेतून पोषण देणारी नळी, आणि नळी आहे तोवर तलाव बंद. महिनाभर नळी न वापरता वजन बेचाळीसच्या वर टिकलं, तरच ती निघणार होती.

घरचा वजनकाटा आईने केव्हाच लपवला होता. पोरगी दिवसातून दहादा चढायची ना! तपासणीसाठी दादांनी जुन्याच मापाने नवा फ्रॉक शिवला, तर तो कंबरेत घट्ट. टेप लावली, तर कंबर दोन बोटं वाढलेली. "टेपच खोटारडी झालीय मेली," असं कुरकुरत त्यांनी तो सैल केला. पण बापाचं काळीज, राहवतंय होय? पडद्याच्या काठाला लावतात ती शिशाची वजनं त्यांनी गुपचूप फ्रॉकच्या घेरात शिवली. मोजून एक किलो.

दवाखान्यातला काटा म्हणाला, त्रेचाळीस किलो तीनशे.

"कमाल केलीस गं!" डॉक्टरीणबाईंनी नळी काढायचा कागद पुढे ओढला. खोट्या वजनावर नळी निघाली आणि पोर सुकली तर?

"थांबा! मी गाढव आहे!" दादा ओरडले. खिशातली कात्री काढून खाली बसले आणि टराटरा घेर उसवला. शिशाच्या चकत्या टपाटप फरशीवर पडल्या. नर्सबाई कॉटखाली शिरून त्या गोळा करू लागल्या.

लेक लालबुंद झाली. "बाबा! मी महिनाभर बेताने खाल्लं, आणि तू असा बेताल शिवलास?"

"चुकलं गं. माझाच धीर सुटला."

"चढ परत," डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या. फाटका घेर सावरत ती चढली. दादांनी डोळे घट्ट मिटले.

"बेचाळीस तीनशे. बाबा, उघड डोळे!"

दादांना ती घट्ट कंबर आठवली. टेप खरं तेच बोलत होती, यांनीच तिला खोटं पाडलं होतं. ते फरशीवर बसूनच रडायला लागले. लेकीने त्यांच्या गळ्यातली टेप ओढून हातात दिली.

"आता पोहायच्या कपड्याचं माप घे. आणि या वेळी टेपचं ऐक."