दोष ब्रेकचा नव्हता

मी एक लाल, छोटी, पेट्रोलवर धावणारी गाडी. सध्या घाटंजीजवळच्या एका गावात, जनावरांच्या दवाखान्यासमोर कडुलिंबाखाली उभी आहे. बबिताबाई आत गेल्या आहेत. त्या येईपर्यंत वेळ आहे, म्हणून बोलतेय.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. मोठा उजेड होता आणि आवाज होता, एवढंच. यवतमाळच्या शोरूममध्ये आले ती दोन हजार पंधरा साली. दसऱ्याच्या आठवड्यात कमलाकरराव आणि रजनीबाई मला बघायला आले. कमलाकररावांना पांढरी गाडी हवी होती. रजनीबाई म्हणाल्या, "पांढऱ्या सगळ्या सारख्याच. बाजारातून बाहेर आलं की आपली कोणती ते शोधत बसा." म्हणून माझी निवड झाली.

कमलाकररावांची चाळीस वर्षं जमीन मोजणीच्या नोकरीत गेली होती. महागावपासून नेरपर्यंतची शिवारं त्यांनी पायी तुडवलेली. आपल्या नजरेचा त्यांना फार अभिमान. दारात उभं राहून समोरच्यांचं कुंपण कुठे वाकलंय ते सांगायचे, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना.

मला त्यांनी जपलं, जरा जास्तच जपलं. चाळीसच्या वर काटा कधी गेला नाही. माझं अंग हलकं आहे, वळणावर मी चटकन वळते, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये मला खरा जोर येतो. नऊ वर्षांत हे त्यांना कळलं नाही. त्याबद्दल तक्रार नाही. सावलीत उभं करायचे, वेळेवर ऑइल बदलायचे, रविवारी ओल्या फडक्यानं पुसायचे.

पुढे माझ्या डाव्या अंगावर ओरखडे दिसू लागले. आधी फाटकाच्या खांबाचा, मग भाजीच्या हातगाडीच्या कोपऱ्याचा. प्रत्येक वेळी कमलाकरराव उतरून खांबाकडे अशा नजरेनं बघत, की तोच दोन पावलं पुढे आला असावा. मग गुपचूप रंग लावून आणत. रजनीबाईंना काही सांगत नसत.

गेल्या मे महिन्यात नेरला एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघालो. सकाळचं लख्ख ऊन होतं. रजनीबाई नेहमीसारख्या डावीकडच्या सीटवर. एका अरुंद पुलावर समोरून एसटी आली. कमलाकररावांनी मला डावीकडे घेतलं, अगदी सावकाश, आणि त्याच सावकाशीनं कठड्यावर नेऊन घातलं. माझा दिवा फुटला, दार आत गेलं. रजनीबाईंचं मनगट मोडलं.

लोक धावत आले. कुणीतरी विचारलं, "काय झालं साहेब?"

"ब्रेक लागला नाही," कमलाकरराव म्हणाले.

ब्रेकवर त्यांचा पाय आलाच नव्हता. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. त्यातल्या एकीला बोलता येत नाही.

मेकॅनिकनं मला दोनदा उघडून पाहिलं. "ब्रेक एक नंबर हाये साहेब," तो म्हणाला. कमलाकररावांनी तरी ब्रेकचे पॅड बदलायला लावले. दिवा, दार, रंग, सगळं नवं झालं. पण रजनीबाईंनी घरी स्पष्ट सांगितलं, "दोष सापडलाच नाही, म्हणजे तो अजून आतच आहे. मी त्या गाडीत बसणार नाही, आणि तुम्हीही चालवायची नाही. विकून टाका."

विकणं सोपं नव्हतं, कारण रजनीबाई खरं बोलणाऱ्या. गिऱ्हाईक आलं की ओट्यावरच्या खुर्चीतून विचारायच्या, "अहो, ब्रेकचं सांगितलंत का? उद्या त्यांची लेकरं बसतील गाडीत." कमलाकरराव खाली मान घालून सांगायचे, "ब्रेक कधी कधी लागत नाही." गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जायचं. अशी चार गिऱ्हाइकं गेली. एका खोट्याला बायकोच्या खरेपणानं असं धरून ठेवलं होतं, आणि मी अंगणात धूळ खात होते.

दिवाळीच्या आधी बबिताबाई आल्या. घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्यावरच्या. सरकारी नोकरीत जनावरांना लशी टोचायचं काम, रोज आठ-दहा गावं. स्कूटरवर पाठ गेली होती. सोबत त्यांचे वडील फुलचंद, डोक्याला पागोटं, पायात कोऱ्या वहाणा. बबिताबाईंनी आतापर्यंत सहा जुन्या गाड्या पाहून नाकारल्या होत्या. एकीच्या गालिच्याखाली ओल होती, एकीचे टायर गाडीपेक्षा म्हातारे होते.

त्यांनी आधी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला.

"काय बघून राह्यली?" फुलचंदांनी विचारलं.

"इंजिन थंड हाये का ते, बापू. थंड गाडी पह्यल्या झटक्यात चालू झाली पायजे. आधीच गरम करून ठेवली असली तं काहीतरी लपवून राह्यले समजायचं."

मी पहिल्या झटक्यात चालू झाले. त्यांनी डिकी उघडली, लशींचा बर्फाचा डबा मावेल का ते वीत टाकून मोजलं. वाकून माझं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते पाहिलं. फुलचंद माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "लहान हाये व. गावात इज्जत होते अशी उंच, पांढरी घे ना."

"बापू, रोज मले चालवाची हाये, गावाले नाही. काम बी झालं पायजे अन् चालवताना मजा बी आली पायजे. दिवसभर तं गुरायच्या लाथा खातो आपण."

फुलचंद हसले. "आपले आजे बैल घेत तं आधी चाल पायत. चालवून पाय मंग."

ओट्यावरून आवाज आला, "अहो, ब्रेकचं सांगितलंत का?"

कमलाकररावांनी सांगितलं. फुलचंद लगेच फाटकाकडे वळले, "चाल बबिता."

"थांबा बापू. ब्रेक लागत नसन तं लागत नाही हे बी पाहून घेऊ."

बबिताबाई चालवायला बसल्या. कमलाकरराव डावीकडे, फुलचंद मागे. शहराबाहेर मोकळा रस्ता लागला, तेव्हा त्यांनी मागे कुणी नाही हे आरशात पाहिलं आणि वीसच्या वेगात ब्रेक दाबला. मी थांबले. चाळीसला दाबला, थांबले. साठला दाबला, तेव्हा फुलचंदांचं पागोटं पुढच्या सीटवर येऊन पडलं आणि मी सरळ रेषेत, कुठेही न सरकता थांबले. मग चढ आला. त्यांनी मला तिसऱ्यात टाकून वर सोडलं. नऊ वर्षांत माझ्याकडे कुणी एवढं मागितलं नव्हतं.

"पळते बरं का," फुलचंद मागून म्हणाले.

परतताना रस्त्याच्या कडेला सीताफळं विकणारी एक म्हातारी दिसली. बबिताबाईंनी मला तिच्याजवळ उभं केलं. डावीकडची काच खाली होती. म्हातारीनं एक पिकलेलं फळ खिडकीतून आत धरलं, कमलाकररावांच्या गालापासून चार बोटांवर. ते समोर बघत बसले होते. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

"घ्या ना बाप्पा," म्हातारी म्हणाली, तेव्हा ते दचकले.

बबिताबाईंचं जनावरांच्या डोळ्यांपुढे हात हलवून नजर तपासणं रोजचंच होतं. त्यांनी फळं घेतली, मला थोडं पुढे नेलं आणि इंजिन बंद केलं.

"काका, ब्रेकमधी काहीच नाही. तुमाले डाव्या अंगचं दिसते का?"

"चाळीस वर्षं मोजणी केली मी," कमलाकरराव ताडकन म्हणाले. "इंचाचा फरक सांगायचो!"

"तवाचं नाही विचारत. आताचं विचारून राह्यली."

कमलाकररावांनी डावीकडची काच वर घेतली. मग ते म्हणाले, "कमी दिसतं. कडेचं तर दिसतच नाही."

"काकूले माहीत हाये?"

त्यांनी मान हलवली. नाही.

फुलचंद मागून आपल्या बोलीत हळूच काही म्हणाले. ब्रेक खराब म्हणूनच भाव पाडून घे, असा त्याचा अर्थ असावा, कारण बबिताबाई त्यांना मराठीतच म्हणाल्या, "नाही बापू. चांगल्या गाडीले खराब म्हणून घ्याची नाही मले." मग त्या कमलाकररावांकडे वळल्या. "गाडी मले पसंत हाये. योग्य भावात घेतो. पण काकूले खरं तुमी सांगा. मी नाही सांगणार. काचबिंदू असन तं तो थांबत नाही काका, रोज थोडं थोडं नेते."

घरी आलो. रजनीबाई ओट्यावरच होत्या, मनगटाला अजून पट्टा. कमलाकरराव उतरले आणि माझ्या दाराला धरून उभे राहिले.

"त्या दिवशी ब्रेक लागला नाही असं नव्हतं," ते म्हणाले. "मी दाबलाच नाही. मला कठडा दिसलाच नाही."

रजनीबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

त्या खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दीड वर्ष मी तुमच्या शेजारी बसून बोलत होते, ते तुम्हाला नुसतं ऐकू येत होतं."

कमलाकररावांनी माझं दार सोडलं नाही. रजनीबाई आत गेल्या. आता दार लागेल, असं मला वाटलं. पण त्या पायात चपला घालून, खांद्याला पर्स लावून बाहेर आल्या.

"बाई, आम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोडता का?"

"बसा काकू."

मे महिन्यानंतर त्या पहिल्यांदा माझ्यात बसत होत्या. मागचं डावं दार उघडून त्या क्षणभर थांबल्या. "तुम्ही इकडे बसा," नवऱ्याला म्हणाल्या. आणि स्वतः पलीकडून वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला येऊन बसल्या.

काचबिंदूच निघाला. डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं. उजवा थेंबांवर टिकून आहे. पुढच्या आठवड्यात मी घाटंजीकडे आले.

आता माझ्या डिकीला बकऱ्यांचा वास येतो. दोन ठिकाणी पोचे आहेत, एक बैलाच्या शिंगाचा. वळणावर बबिताबाई मला मोकळं सोडतात आणि कधी कधी स्वतःशीच हसतात. अजून पाच-सहा वर्षं मी सहज काढेन. त्यानंतर तुमच्यापैकी कुणी मला बघायला आलात, तर बॉनेटवर हात ठेवा, गालिचा उचला, ब्रेक दाबून पाहा. मला राग येणार नाही. फक्त का विकताय, हेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत घाई करू नका.

बबिताबाई आल्या. पलीकडच्या वाडीत कुणाची तरी गाय सकाळपासून अडली आहे म्हणे. रस्ता वळणांचा आहे. निघते.