लोकरीची बाटली

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. पण मला पाण्याचा हंडा समजू नका, तसे कुणी म्हटले की मला राग येतो. माझ्या डोक्यावर गोल टोपण आहे आणि त्या टोपणातून एक लांब, वाकडी नळी बाहेर येते. घरात सगळे तिला माझे नाक म्हणतात. पाल्यापासून अर्क आणि सुवासिक तेल काढायचे, हे माझे काम. एवढे लांब नाक आणि तेही असे वासाचे, म्हणून मी थोडा नाकाने कांदे सोलतो, हे मला मान्य आहे.

साताऱ्याच्या एका तांबटाने मला घडवले. त्याने माझ्या पाठीत इतके ठोके घातले की अजूनही कुणी हातोडी उचलली की मी दचकतो. तेव्हा महायुद्ध चालू होते. परदेशी औषधे दुकानांतून नाहीशी झाली होती. सांगलीच्या एका वैद्यांच्या औषधशाळेत जिनपाल नावाचा जवान गडी कामाला होता. अर्क काढायची विद्या तिथे शिकून तो आपल्या गावी परत निघाला आणि जाताना मला कडब्यात गुंडाळून बैलगाडीतून घेऊन गेला. त्याचे गाव जतच्या वाटेवर, कोरड्या माळावर. विहिरीभोवतीच तेवढी हिरवळ. तिथे त्याने गवती चहा, पुदिना, ओवा लावला आणि बांधावर निलगिरीची झाडेही जगवली.

गावाने माझे स्वागत काही बरे केले नाही. चुलीवर हंडा, हंड्याला नळी आणि नळीतून थेंब! जिनपालने दारूची भट्टी लावली, अशी बोंब उठली. जैनाच्या घरात दारू, म्हणजे बोलायलाच नको. शेजारचे लालासाहेब पलटणीतून पेन्शन घेऊन आले होते. या गोष्टीचा छडा लावायला तेच मिशा सारख्या करत आले आणि त्यांनी थेट माझ्या नळीला नाक लावले. आत निलगिरी उकळत होती. लालासाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले, लागोपाठ शिंका आल्या आणि आठवडाभर चोंदलेले नाक मोकळे झाले. त्या दिवसापासून माझ्याबद्दल कुणी वाकडे बोलले तर लालासाहेबच अंगावर जायचे.

जिनपाल बोलघेवडा आणि सदा फिरतीवर. मला खरे सांभाळले ते त्याच्या बायकोने, राजमतीने. मित्रांनो, मी त्या बाईचा फार लाडका होतो. पाला पोटात घालण्याआधी ती तो सुपात घेऊन हलक्या हाताने झटकायची. एखादी मुंगी पानाला चिकटून राहिली असेल तर तिला फुंकर घालून बाहेर सोडायची. माझ्यात जीव शिजता कामा नये, असा तिचा दंडक होता. पाणी फडक्याने गाळल्याशिवाय तिने मला कधी पाजले नाही. मग खाली मंद जाळ. पानांच्या आत तेलाचे इवले इवले कण दडलेले असतात. वाफ त्यांना हाताला धरून वर आणते, माझ्या नाकातून बाहेर काढते, आणि गार पाण्यात बुडवलेल्या नळीत त्या वाफेचे पुन्हा पाणी होते. त्या पाण्यावर तेलाचा पातळ तवंग तरंगतो. राजमती तो अलगद वेगळा करायची. सगळे घर घमघमायचे. खरे सांगतो, त्या वेळी मला माझाच हेवा वाटायचा.

ओव्याच्या अर्काचे थोडे थेंब पाण्यात घालून घेतले की फुगलेले पोट हलके व्हायचे, कळ थांबायची. वैद्य लोक औषध मधातून देतात, पण राजमतीच्या जैन घरात मध चालत नसे, म्हणून ती गुळाच्या पाण्यातून द्यायची. मुलांना तेच जास्त आवडायचे. निलगिरीचे तेल मात्र तिखट स्वभावाचे. ते खोबरेल तेलात मिसळून छातीला आणि पाठीला चोळायचे. सर्दीने कोंडलेला श्वास त्याने मोकळा व्हायचा. पण तेच पोटात गेले तर लहान मूल बेशुद्ध पडते, जिवावर बेतते. एकाच नाकातून आलेली ही दोन भावंडे, पण एक पोटात घेण्याचे आणि एक अंगाबाहेरच ठेवण्याचे. शिवाय मी काही देव नव्हतो. हिवतापाने फणफणलेला माणूस आला की राजमती त्याला अर्क द्यायची नाही. तो माझ्या हंड्याचा आजार न्हवं, असे सांगून मिरजेच्या दवाखान्याची वाट दाखवायची.

आमच्या भागात तेव्हा एक रीत होती. औषध घेऊन निघालेल्या माणसाने वाटेत बोलायचे नाही, मागे वळून पाहायचे नाही, हाकेला ओ द्यायची नाही. बोलले की औषधाचा गुण जातो, असे सगळे मानत. रोगी औषध प्याला की मगच तोंड उघडायचे. या रीतीने एकदा केवढा घात होता होता राहिला, ते आता ऐका.

थंडीचे दिवस होते. ओढ्यापलीकडच्या धनगरवस्तीवरून बनुबाई आली. तिचा नवरा मेंढरे घेऊन कृष्णाकाठी गेला होता आणि घरी तिची चार वर्षांची लेक मनू आजारी होती. पोट दुखत होते आणि छातीही भरली होती. राजमतीने विचारपूस केली आणि दोन बाटल्या भरून दिल्या. दोन्ही सारख्याच, दोन्हींत पाण्यासारखे दिसणारे औषध. मग तिने नेहमीसारखे सांगितले,

"ही ओव्याची, गुळाच्या पाण्यातनं पोटात दे. आन ही निलगिरी, ही खोबरेलातनं वरनं."

बनुबाईने मान डोलावली, बाटल्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि तोंड मिटून निघाली.

दिवस कलला होता. जैनांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण उरकते. जिनपालची आई, आक्काताई, जेवून उठल्या. त्यांनीही पोटासाठी ओव्याचा अर्क घेतला आणि वाटी पुढे करून सुनेला म्हणाल्या, "अर्क घेतला गं. आता वरनं जरा कोमट पानी दे."

राजमती वाटी घ्यायला वाकली आणि तशीच थांबली. मी चुलीवरून तिच्याकडे पाहत होतो. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. वरनं! अंगाला बाहेरून लावणे म्हणजेही वरनं आणि औषधानंतर पाणी पिणे म्हणजेही वरनं. दोन्ही बरोबर, दोन्ही रोजच्या तोंडातले. बनुबाईने यातले कोणते ऐकले?

तिचे ताट वाढलेले होते. ते तसेच ठेवून ती पळाली. आक्काताई मागून बजावत राहिल्या, की दिवस मावळला तर आज उपाशी राहशील. तिने ऐकले नाही.

पुढचे मी पाहिले नाही. राजमतीने नंतर माझ्याशेजारी बसून जिनपालला सांगितले, ते सांगतो. ओढ्याच्या अलीकडून तिला पलीकडची बनुबाई दिसली. तिने हाका मारल्या. मागून हाक आली म्हटल्यावर बनुबाईने पावले आणखी झपाझप टाकली. बिचारी औषधाचा गुण सांभाळत होती. राजमती ओरडून सांगत होती, "पाजू नगंस, पाजू नगंस!" पण माळावरचा वारा तोंडावरचा होता, तिचे शब्द तिच्याकडेच परत येत होते. ती वस्तीवर पोहोचली तेव्हा मनूचे डोके आईच्या मांडीवर होते. ओव्याचा अर्क पोटात गेला होता. खोबरेलात कालवलेल्या निलगिरीचा चमचा ओठांजवळ होता. राजमतीला बोलायला दम नव्हता. तिने नुसता हात मारला. चमचा उडाला, तेल जमिनीवर सांडले.

बनुबाईने रागाने लाल झालेल्या डोळ्यांनी सांडलेल्या तेलाकडे पाहिले. मग म्हणाली,

"आवं वैनी, तुमीच सांगितलं न्हवं, वरनं द्या म्हनून?"

"वरनं म्हंजे अंगावर गं माझे बाई," राजमती म्हणाली आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

उरलेले तेल दोघींनी मिळून मनूच्या छातीला, पाठीला चोळले. सकाळी मनू उठून मेंढीच्या कोकरामागे धावत होती. बरे झाले, सगळे सुखरूप झाले, असे मला वाटले. पण तसे नव्हते. घरी आल्यावर राजमतीने माझी चूल विझवली. माझ्या हातनं कुणाचं तरी लेकरू गेलं असतं, एवढेच ती म्हणत राहिली. जिनपालने समजावले, आक्काताईंनी समजावले, लालासाहेबांनी पलटणीतले दाखले दिले. तिने कुणाचे ऐकले नाही. मला पोत्यात घालून परसातल्या कोपऱ्यात ठेवले.

मित्रांनो, ते वर्ष मला आठवले की अजून भरून येते. माझी कल्हई उडाली, अंगावर हिरवा कळंक चढला. कुणीतरी माझ्या पोटात शेण्या भरल्या. ज्या नाकाचा मला एवढा तोरा, त्यात कोळ्याने जाळे विणले. पण खरे दुःख त्याचे नव्हते. गावात पोटे दुखत होती, पोरे रात्रभर खोकत होती, माणसे दारापर्यंत येऊन रिकाम्या हाताने परत जात होती. आणि राजमती आत बसून त्यांची पावले ऐकत होती. तिला माझ्याजवळ यावेसे वाटत होते, हे मला कळत होते. एकदा तर ती पोत्यावरून हात फिरवून गेली.

पुढच्या साली ओव्याची काढणी झाली. एके दिवशी दुपारी बनुबाई आली. ओटीत ओव्याचे तुरे होते, बोटाला धरून मनू होती आणि कमरेला सूत काढायची चाती खोचलेली होती. तिने ओवा राजमतीपुढे ओतला आणि अर्क काढून द्या म्हणाली.

राजमतीने मान हलवली. "नगं बनुबाई. माझा एक सबुद चुकला आन काय झालं आसतं."

"तुमचा सबुद चुकला, आन आमचं त्वांड मिटलं व्हतं," बनुबाई म्हणाली. "मी तवा तिथंच उलटून इचारलं आसतं, तर तुमाला पळावं लागलं नसतं. आता आमी न बोलता न्हेनार न्हाई."

मग तिने दोन रिकाम्या बाटल्या मागितल्या. चातीवरचा काळ्या लोकरीचा धागा तोडला आणि एका बाटलीच्या गळ्याभोवती गुंडाळून घट्ट गाठ मारली. ती बाटली मनूच्या हातात देऊन तिने विचारले, हिच्यातले औषध कुठे? मनूने लोकर बोटांनी चाचपली आणि आईच्या खांद्यावरच्या घोंगडीकडे पाहिले.

"अंगावर," मनू म्हणाली. "लोकर कोन खातंय व्हय?"

राजमती हसली. वर्षभरात मी तिचे हसू ऐकले नव्हते. हसता हसता तिचे डोळे भरले. त्याच दुपारी तिने मला पोत्यातून बाहेर काढले, शेण्या झटकल्या, चिंचेने आणि राखेने घासून घासून लख्ख केले. घासताना ती माझ्याशी काहीबाही पुटपुटत होती. ते मी तुम्हाला सांगणार नाही, ते आमच्या दोघांतले आहे. आठवड्याच्या बाजारातून कल्हईवाला बोलावून तिने मला कल्हई करून घेतली. माझ्या पोटात पुन्हा ओवा पडला, तेव्हा मी इतका खूश झालो की पहिल्याच वाफेला टोपण खडखडवले.

तेव्हापासून आमच्या गावाची रीत बदलली. पोटात घ्यायच्या बाटलीचा गळा उघडा, अंगाला लावायच्या बाटलीला लोकर. औषध घेतलेल्या माणसाने उंबऱ्यावर थांबायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "उघडी पोटात, लोकर अंगावर." मगच निघायचे. लिहिता वाचता येणारे, न येणारे, सगळ्यांना हे जमले. डोळ्यांनी अधू असलेल्या आक्काताईही बोटांनी चाचपून बाटली ओळखू लागल्या.

आता देश स्वतंत्र झाला आहे. लढाई कधीच संपली. शहरातल्या कारखान्यांची औषधे चकचकीत बाटल्यांतून गावात येऊ लागली आहेत. माझी चूल आता सणासुदीसारखी कधीतरीच पेटते. माझ्या बुडाला एक बारीक चीर गेली आहे. राजमतीचे केसही पिकू लागले आहेत. थोडे वाईट वाटते, पण तक्रार नाही.

परवा लालासाहेबांनी सांगलीहून गुडघ्यासाठी एक औषध आणले. बाटलीवर इंग्रजी अक्षरे, रंगीत चित्र. ते कौतुकाने सगळ्यांना दाखवत होते. मनू आता मोठी झाली आहे, अर्क काढायच्या दिवशी ती राजमतीच्या हाताखाली असते. तिने ती बाटली घेतली, खालीवर पाहिली आणि लालासाहेबांना विचारले, "हे पोटात का अंगावर?" लालासाहेबांच्या मिशा खाली आल्या. ते त्यांनी विचारलेच नव्हते! मनूने त्यांना परत पाठवले. ते उन्हातान्हातून सांगलीला जाऊन दुकानदाराला विचारून आले. अंगावर, असे उत्तर घेऊन आले. तेव्हा मनूने त्या ऐटबाज बाटलीच्या गळ्यात काळी लोकर बांधली.

मित्रांनो, मला घासायला, कल्हई करायला विसरलात तरी मी रागावणार नाही. मी आता म्हातारा झालो. पण झाडापाल्याचे औषध आहे, त्याने काय होतंय, असे कधी म्हणू नका. जे बरे करते, ते चुकीच्या वाटेने गेले तर मारतेही. औषध कुणी दिले, कितीही मायेने दिले, तरी उंबऱ्यावर थांबा आणि पोटात का अंगावर, ते विचारा. गुण बोलण्याने जात नाही. आमच्या मनूला विचारा, ती बघा बाहेर ओव्याला पाणी घालते आहे.