येऊन राहिलं

खूण पहिली : निघालं

राजापेठेत ट्यूशन क्लासच्या वरच्या माळ्यावर रविकांत सरांचं छोटं ऑफिस. अदिती तिथे दिवसभर सर्किटं चालवायची, खरी नाही, कॉम्प्युटरवरची. वीज सुरू केली की पडद्यावर रेघ उमटते, शून्यातून वर चढते, जरा डगमगते आणि मग सपाट होते. रेघेवर उभ्या खुणा ठेवल्या की दोन खुणांमधला वेळ कोपऱ्यात दिसतो. खुणांची नावं मुळात ए, बी, सी. शाळेतल्या तुकड्यांसारखी.

नाव बदलता येतं, रंग बदलता येतो, हे तिला शेजारच्या टेबलावरच्या स्वानंदने दाखवलं. तिने लगेच खुणांना संत्र्याचा रंग दिला आणि नावं लिहिली. रेघ उठते तिथे ‘निघालं’. चढत असते तिथे ‘येऊन राहिलं’. सपाट होते तिथे ‘आलं’.

स्वानंद अकोल्याचा. खुर्ची सरकवून त्याने वाचलं आणि पोट धरून हसला.

“व्होल्टेज आहे का पाहुणा, बापा?”

“पाहुणाच. बसायले पाट दे त्याले.”

“पण पुण्याले पाठवतानी बदल बरं. तिकडच्या लोकायले नाही समजत आपलं.”

“बदलते ना.”

हे सर्किट ज्या बोर्डाचं, तो पुण्याच्या एका कंपनीचा होता, कोल्ड स्टोरेजचं तापमान सांभाळणारा. त्यांना चढाचं चित्र जवळून हवं होतं. अदितीने रेघ मोठी केली. ‘आलं’ची खूण उजवीकडून चित्राबाहेर गेली. तिच्या लक्षात आलं नाही. नावं बदलायची राहिली. मेल नेहमीप्रमाणे स्वानंदच्या नावाने गेला.

खूण दुसरी : येऊन राहिलं

संत्र्याच्या हंगामात शेंदूरजनाघाटच्या एका कोल्ड स्टोरेजची लाइट गेली. परत आली. तिथे लावलेला तो बोर्ड अर्धवट जागा झाला आणि अडकला. बाहेरच्या काचेवरचा आकडा पाच अंशांवरच थांबलेला. आत मशीन बंद. दार उघडलं तेव्हा संत्र्यांच्या कॅरेटांखालून पाणी वाहत होतं.

सर पाहून आले. दोन दिवस त्यांच्या शर्टाला तो वास होता, गोड आणि कुजका. ऑफिसात कोणी डबा उघडला नाही.

मग पुण्याचा फोन. सरांनी स्पीकर लावला.

“तुमच्याच चित्रावरून वेळ ठरवली आम्ही,” पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले. “तिथे स्पष्ट लिहिलंय, येऊन राहिलं. म्हणजे आलं आणि टिकलं. तिथे आम्ही चिप सुरू केली.”

“अहो साहेब,” सर म्हणाले, “येऊन राहिलं म्हणजे व्होल्टेज पुरतं आलं नाही अजून. वाटेत आहे.”

“वाटेत आहे तर राहिलं कसं?”

सरांनी कपाळ चोळलं. खालून क्लासमधली पोरं एका सुरात सूत्र म्हणत होती.

“हे ज्याने लिहिलं तो माणूस आम्हाला तुमच्याकडे नकोय,” गृहस्थ म्हणाले. “नाहीतर पुढचं काम दुसरीकडे देऊ.”

फोन बंद झाला. सर दोघांकडे वळले.

“कोणाच्या खुणा ह्या?”

स्वानंदने अदितीकडे पाहिलं. रागाने नाही. वाट पाहत.

तिला सांगायचं होतं. शब्द जमून आले होते: माझ्या, सर. ते छातीतून निघाले. घशापर्यंत चढले. तिथे डगमगले. तिला मोर्शीचं घर दिसलं, नोकरी लागल्यावर आईने आळीभर वाटलेले पेढे दिसले. एवढा वेळ, आणि स्वानंदची नजर तशीच तिच्यावर. मग त्याची नजर खाली वळली.

“मेल मीच पाठवला, सर,” तो म्हणाला.

ते खरंच होतं. सरांनी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर काय, हे अदितीने स्वतःलाही विचारलं नाही.

त्याच दिवशी नोकरी सोडून जाताना त्याने टेबलावरचा आपला चहाचा कप तेवढा उचलला. जिन्यात ती मागे गेली.

“स्वानंद, सांगते मी सरांले. थांब जरा.”

“सांग ना मंग,” तो म्हणाला. थांबला मात्र नाही.

खूण तिसरी : चित्राबाहेर

आता ऑफिसात नियम आहे. खुणांची नावं ए, बी, सी. रंग पांढरा. अदिती रेघा काढते, खुणा ठेवते, वेळ वाचते. शेजारच्या टेबलावर प्रिंटर आणून ठेवला आहे. सर रोज सकाळी तिला चहा विचारतात, आणि ती रोज सकाळी त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत जाते.

आज अकोल्याहून मेसेज आला. बऱ्याच दिवसांनी.

‘एका जागी विचारलं कामाचं. ते सरांले फोन करतीन म्हणते. सांगितलं का तू?’

तिने ‘नाही’ लिहिलं. पुसलं. ‘हो’ लिहिलं. पुसलं. केबिनच्या काचेतून सरांची पाठ दिसत होती. ती खुर्चीतून अर्धी उठली आणि तशीच, टेबलाला धरून, तिने लिहिलं:

‘सांगून राहिली.’

मेसेज गेला. निळ्या खुणा उमटल्या. त्याने वाचलं होतं.

पुण्याच्या माणसाचा अर्थ चुकला असता. हा अकोल्याचा होता.