उतरलेला काटा

मिस्त्रींच्या मोटरसायकलला ताप मोजायचा काटा होता आणि गल्लीत त्याची मनसोक्त चेष्टा होई. इंजिनात तेल ओतायच्या तोंडावर इतरांच्या गाडीला साधं झाकण असतं. मिस्त्रींनी तिथे काट्याचं झाकण बसवलं होतं. वर घड्याळासारखी तबकडी, खाली तेलात बुडणारी बोटभर दांडी. "काय मिस्त्री, आज ताप किती?" असं येणारा-जाणारा विचारी, आणि मिस्त्री चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता आकडा सांगत. उभा जन्म लोकांची जळकी इंजिनं उघडण्यात गेला, की माणूस ताकही फुंकून पितो. त्यात त्यांची गाडी जुनी, पाण्याची टाकी नसलेली, वाऱ्यावर आणि तेलावर जगणारी. "वारा बाहेरून पुसतो, तेल आतून पुसतं," ते म्हणत. काटा एकशे वीसच्या वर गेला की थांबायचं, मग मागून वाघ का लागेना, हा त्यांचा नियम होता.

त्या दिवशी ते अंगणात गाडीचं तेल बदलत बसले होते. जुनं तेल निथळून झालं होतं, नव्याचा पहिला डबा आत गेला होता. तेवढ्यात घरात सूनबाईचा फोन वाजला आणि तिचा आवाज एकदम बदलला. सूनबाई नर्स होती. तिचा आवाज सहसा बदलत नसे.

घाटापलीकडच्या गावात मिस्त्रींच्या धाकट्या लेकीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. तिथली सुईण अनुभवी होती, पण तिचेही हातपाय गळाले होते. मागच्या बाळंतपणात धाकटीचं रक्त थांबता थांबत नव्हतं, मरणाच्या दारातून परत आली होती. ते रक्त थांबवायचं इंजेक्शन गावातल्या दवाखान्यात संपलं होतं, आणि दरड कोसळून घाटरस्ता अर्धा दरीत गेल्यानं चारचाकी जात नव्हती. दुचाकी तेवढी कडेकडेनं निघत होती.

"बाबा, गाडी काढा," सूनबाई म्हणाली आणि दवाखान्याकडे पळाली. परत आली ती छातीशी बर्फाचा थर्मास धरून. इंजेक्शन गार राहायला हवं होतं.

मिस्त्रींनी झाकण घट्ट फिरवलं. सूनबाईच्या अंगावर पांढरा गणवेश होता, म्हणून सीटवरचा डबा उचलून त्यांनी बाकावर ठेवला आणि खांद्यावरच्या पंच्यानं सीट स्वच्छ पुसली. गाडी सुरू केली तोच तिच्या सासूबाई एक भलीमोठी बाटली घेऊन आडव्या आल्या.

"एरंडेल आहे. बाळाला चोळायला होईल."

"आई, आत्ता?" सूनबाई म्हणाली.

"अगं, एवढं ओझं कुठे ठेवू? आम्ही काय फिरायला चाललोय?" मिस्त्री खेकसले.

"बाळ होणार ना? की नाही होणार?" सासूबाईंचा आवाज कापला. बाटली सूनबाईच्या पिशवीत गेली, आणि मिस्त्री एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून निघाले.

घाट सुरू झाला तसं ऊन तापायला लागलं. वारा होता, पण नेमका पाठीमागून. गाडी जेवढी पुढे जाई तेवढाच वारा मागून येई आणि इंजिनाला त्याची झुळूकही लागत नसे. असला वारा मिस्त्रींना शत्रूसारखा वाटे.

"किती?" सूनबाईनं मागून विचारलं.

मिस्त्रींनी गुडघ्याजवळच्या तबकडीकडे नजर टाकली. "एकशे पाच."

"माणूस असता तर आतापर्यंत चार खांद्यांवर असता."

मिस्त्रींना हसू आलं नाही. एरवी काटा इथवर यायला अर्धा घाट लागे. आज दोन वळणांतच आला होता. दोन माणसं, ऊन, मागचा वारा, त्यांनी मनाशी हिशेब लावला आणि तो पटवून घेतला. जिवाला घोर लागला असला की माणूस हिशेब तपासत नाही, नुसता जुळवतो.

दरडीपाशी गाडी कडेनं ढकलत काढावी लागली. एका हाताला सुटलेली माती, दुसऱ्या हाताला दरी. सूनबाई खाली उतरून चालली, थर्मास पोटाशी धरून. पलीकडे परत बसली तेव्हा काटा एकशे अठराला टेकला होता.

"थांबायचं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"तुमचाच नियम आहे, बाबा."

"नियम माझा आहे, तशी पोरगीही माझीच आहे," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

आता सगळ्यात उभा चढ होता. एकशे वीस. एकशे पंचवीस. मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे धाकटी येत होती. लहानपणी गॅरेजात पाना उलटा धरून बसायची, ते तिला मिस्त्रीण म्हणायचे. "देवा, एवढा चढ काढ," ते पुटपुटले. तबकडीकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा विश्वास बसेना.

काटा खाली येत होता.

एकशे वीस. एकशे बारा. एकशे पाच. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. "उतरला!" ते ओरडले. "सूनबाई, ताप उतरला! पंचाण्णववर आला बघ!"

सूनबाईनं मागून वाकून तबकडी पाहिली.

"ऐकलंस का?"

"ऐकलं. उतरला कशानं?"

"कशानं म्हणजे?"

"चढ संपला का?"

"नाही."

"वारा फिरला?"

"नाही गं, पण उतरलाय ना? झालं तर."

"बाबा, ताप उतरायला कारण लागतं," सूनबाई त्यांच्या कानाशी म्हणाली. "आमच्या वॉर्डात ताप हळूहळू उतरला तर आम्ही नातेवाइकांना आत सोडतो. एकदम उतरला आणि धाप तशीच राहिली, तर डॉक्टरांना हाक मारतो. पेशंट बरा नसतो होत. गार पडत असतो."

"इंजिन म्हणजे पेशंट नव्हे!" मिस्त्री कडाडले. सुनेवर आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. आज चढला. "मला शिकवतेस? या हातांनी मी..."

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. इंजिनातून एक बारीक आवाज येत होता, ताटलीत चमचा थरथरावा तसा. त्यांनी क्लच दाबला, चावी फिरवली आणि गाडी डोंगराच्या कडेला टेकवली. इंजिन बंद पडलं तरी त्यातून आग ओकावी तशी धग येत होती. काटा मात्र साळसूदपणे ऐंशी दाखवत होता.

पंचा गुंडाळून त्यांनी झाकण फिरवलं आणि दांडी बाहेर काढली. ती कोरडी होती. तिला तेल नव्हतंच, मग ती कशाचा ताप मोजणार? चढावर गाडी मागे कलली, होतं ते तेल मागे सरकलं आणि दांडी हवेत लोंबकळत राहिली. काट्यानं खोटं सांगितलं नव्हतं. तो हवेचा ताप सांगत होता आणि मिस्त्री त्याला तेलाचा समजत होते.

ते खाली वाकले. इंजिनाखाली थेंब नव्हता. मागे रस्त्यावर डाग नव्हता. गळालं नाही, मग गेलं कुठे?

आणि मग त्यांना बाकावरचा डबा आठवला.

या इंजिनाला दोन डबे तेल लागतं. पहिला ओतला की दुसरा सीटवर ठेवायचा, ही त्यांच्या गॅरेजातली पहिल्या दिवसापासूनची पद्धत. डबा उचलल्याशिवाय गाडीवर बसताच येत नाही, म्हणजे अर्ध्या तेलावर गाडी बाहेर पडणं शक्य नाही. एवढ्या वर्षांत एकही पडली नव्हती. आज त्यांनीच डबा उचलला, सुनेचे पांढरे कपडे मळू नयेत म्हणून सीट पुसली, आणि डबा बाकावर ठेवून निघाले. पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही उगीच नाही.

"मी अर्ध्या तेलावर आलो," ते म्हणाले. रस्त्याच्या कडेला ते मटकन बसले. "दुसरा डबा घरीच राहिला. पोरगी तिकडे... आणि मी इथे तिच्या..."

त्यांना रडू फुटलं. सूनबाईनं सासऱ्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तिलाही भरून आलं, पण तिनं पदर खोचावा तसं ते आत खोचलं.

"बाबा, रडायचं ते नंतर, दोघं मिळून रडू. आता सांगा, काय करायचं? गाव किती लांब?"

"चालत संध्याकाळ होईल."

"फोनला रेंज नाही. मागे वळलो तर?"

"उतारानं घरी पोचू. पण मग परत यायला..." त्यांनी मान हलवली.

"तेल हवंय ना? कुठलं?"

"इंजिनाचं, गं! कुठलं म्हणजे? फोडणीचं घालू?"

बोलून गेले आणि थबकले. डोळे पुसता पुसता त्यांचा हात गालावरच राहिला. त्यांच्या उस्तादांची एक गोष्ट होती, शंभरदा सांगितलेली. जुन्या काळी शर्यतीच्या गाड्यांत एरंडेल घालायचे. दाट, चिवट, कितीही तापलं तरी लोखंडाला धरून राहणारं. नंतर चिकटा धरतं, इंजिन उघडून धुवावं लागतं, पण आजच्या दिवसापुरतं...

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. सूनबाईनंही पाहिलं.

"आई," ती एवढंच म्हणाली.

पण लगेच ओतून चालणार नव्हतं. इंजिन आधी निवायला हवं, घाई केली तर उरलेलंही जायचं. पाणी मारायचीही सोय नाही, तापलेलं लोखंड तडकतं. नुसतं बसून राहायचं. मिस्त्रींनी आयुष्यात पुष्कळ अवघड कामं केली होती, त्यातलं हे सगळ्यात अवघड. ते बोट ओलं करून इंजिनाच्या पात्यांवर टेकवत. चर्र. पुन्हा थोड्या वेळानं, चर्र. सूनबाईनं थर्मास उघडून पाहिला. बर्फाचं पाणी होत चाललं होतं. तिनं तो डोंगराच्या सावलीत ठेवला आणि स्वतः उन्हाच्या बाजूनं आडोसा धरून उभी राहिली. एकाला गार व्हायचं होतं, दुसऱ्याला गार राहायचं होतं, आणि वेळ दोघांचाही चालला होता.

अखेर बोट टेकवलं आणि आवाज आला नाही.

नरसाळं नव्हतं. सूनबाईनं रबरी हातमोज्याचं एक बोट कात्रीनं टोकाशी कापलं आणि मोजा तेलाच्या तोंडावर ताणून धरला. एरंडेल मधासारखं हळूहळू उतरत होतं. बाटलीच्या तळाचा शेवटचा थेंब पडेपर्यंत मिस्त्री श्वास रोखून होते.

मग त्यांनी किकवर पाय ठेवला, पण मारली नाही. हळूच दाबून पाहिली. आतला पिस्टन चिकटला असेल तर इथेच कळणार होतं. किक हलेना. त्यांनी गाडी गिअरमध्ये घालून मागेपुढे झुलवली, पुन्हा न्यूट्रलला आणली, पुन्हा पाय टेकवला. अडखळत अडखळत किक खाली गेली.

तिसऱ्या किकेला इंजिन लागलं. चमच्याचा आवाज आधी होता, मग कमी झाला, मग विरला. निळसर धूर आणि त्याला एक गोडसर, औषधी वास.

"किती?" सूनबाईनं विचारलं.

"सत्तर. ऐंशी. चढतोय!" काटा चढताना पाहून आनंद झालेला हा माणूस जगात एकटाच असावा. "चढतोय गं, सूनबाई!"

चढ संपेपर्यंत काटा एकशे अठराच्या वर गेला नाही. उतार लागल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि गाडी आपल्या वजनावर सोडली. गावात शिरले तेव्हा धाकटीच्या घरापुढे बायकांचा घोळका होता. सूनबाई गाडी थांबायच्या आधीच उतरली आणि थर्मास घेऊन आत धावली. आतून बाळाचं रडणं येत होतं. धाकटीचा आवाज येत नव्हता.

मिस्त्री गाडीपाशीच थांबले. समोर काटा उतरत होता. शंभर, नव्वद, ऐंशी. बंद इंजिनाचा काटा उतरायचाच, हे त्यांना ठाऊक होतं, तरी तो त्यांना बघवेना. त्यांनी तबकडीवर पंचा टाकला.

किती वेळ गेला कोण जाणे. दारात सूनबाई आली. पांढरा गणवेश आता पांढरा राहिला नव्हता.

"बाबा, या."

"कशी आहे?"

"तुमच्या हातानंच बघा."

तिनं त्यांचा हात धरून आत नेलं आणि धाकटीच्या पावलांवर ठेवला. तापल्या लोखंडावर राबलेल्या त्या हाताला आधी काहीच कळेना. मग कळलं. पावलं उबदार होती. धाकटीनं डोळे उघडले, नाक मुरडलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या हाताला एरंडेलाचा वास येतोय."

मिस्त्रींनी त्या पावलांवर डोकं टेकवलं आणि ठरल्याप्रमाणे रडले. शेजारी सूनबाईही रडली.

संध्याकाळी गावातल्या फोनवरून घरी कळवलं. सासूबाईंनी आधी लेकीचं विचारलं, मग बाळाचं, मग बराच वेळ त्यांच्याकडून नुसते हुंदके आले. नाक ओढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि माझी बाटली? की दिलीत वाटेत टाकून? मला ठाऊक आहे तुम्हाला ओझं झालं होतं."

"पोचली," मिस्त्री म्हणाले. "आम्हालाही तिनंच पोचवलं. आणि हे बघ, बाकावर तेलाचा एक डबा आहे. त्याला हात लावू नकोस. मी येऊन तो पुन्हा सीटवर ठेवीन."