रहिमाचाचीचा कॉम्प्युटर लॅपटॉपात शिरला

राजिवड्यात रहिमाचाचीच्या भरतकामाला तोड नव्हती आणि तिच्या कॉम्प्युटरला आयुष्य नव्हतं. नऊ वर्षं खाडीचा खारा वारा खाऊन तो पार सडलेला. हार्डडिस्क कट-कट करायची, थांबायची, परत कट-कट. आणि त्याच्यातच नवरी झाराच्या ओढणीच्या वेलबुट्टीचं डिझाइन. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर अर्धी ओढणी भरून झालेली, अर्धी कोरी. तिचा निकाह शुक्रवारी. वार मंगळवार.

झाराचा भाऊ अरीब म्हणजे मोहल्ल्यातला कॉम्प्युटरवाला. शिकला कुठे? कुठेच नाही. मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीड्या बघून आणि दुसऱ्यांचे कॉम्प्युटर बिघडवून.

"चाची, तुझा अख्खा कॉम्प्युटर मी ह्या लॅपटॉपात घालतो."

"मावंल काय रे?"

"डबा नाय गो, आतलं सगळं. हार्डडिस्कची इमेज काढायची, म्हणजे जसाच्या तसा ठसा. मग लॅपटॉपात एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा. त्याला वाटतं आपण खराच आहोत."

"म्हणजे बाटलीतला जिन्न."

"तसंच समज."

इमेज काढायला दिवस गेला. बुधवारी जिन्न काही उठेना. निळी स्क्रीन. परत चालू केला, परत निळी स्क्रीन. मग इंटरनेटवर कोणीतरी सांगितलं, की बाबा रे, शरीर बदललंय, जुन्या विंडोजला नवी हार्डडिस्क ओळखता येत नाही, तिची ओळख करून दे. दिली ओळख. आणि दुपारी लॅपटॉपवर चाचीचा तो गुलाबी गुलाब उमटला, जुन्या स्क्रीनवर असायचा तोच, त्याच जागी! चाचीचे डोळे भरून आले. अरीबची छाती शर्टात मावेना. भरतकामाचा प्रोग्राम काही त्याने उघडून बघितला नाही. गुलाब आला म्हणजे बाकी आलंच की.

"चाचा, आता तो डबा काढून टाका," तो ऐटीत म्हणाला.

गनीचाचा म्हणजे चाचीचा नवरा, तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये घासलेले. त्यांना असं सांगायचं नसतं. अर्ध्या तासात डबा मोकळा. प्रत्येक स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेला, पार्ट सगळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत.

गुरुवारी सकाळी चाचीने भरतकामाचा प्रोग्राम उघडला. समोर एकच ओळ, चावी सापडत नाही.

"कसली चावी?" अरीबने विचारलं.

"मागं प्रिंटरची वायर लावायच्या जागी ती करड्या रंगाची डबी नव्हती काय? माणूस मशीन बसवायला आला तेव्हा म्हणाला, ही काढलीस तर प्रोग्राम मेला."

"चाची! हे आधी सांगायचंस ना!"

"तू म्हणालास अख्खा कॉम्प्युटर आला. मला वाटलं डबीपण आली."

आता अरीबला उमगलं. हार्डडिस्कवर असतं ते इमेजमध्ये येतं. पाठीला चिकटलेलं कसं येणार? तो बिस्किटांच्या डब्यांवर तुटून पडला. डबी नाही. आणि चाचा? चाचा भाट्याच्या पुलाखाली, गरी टाकून.

"चाचा, करडी डबी होती, दोन बाजूंना दोन स्क्रू…"

"ही?" चाचांनी दोरी वर ओढली. गरीच्या वर, शिशाच्या जागी, तीच करडी डबी, म्हणजे चावीचा डोंगल, लोंबकळत होता. पाणी गळत होतं. "शिसं खडकात अडकून गेलं रे. ह्याला दोन कान आहेत, दोरी काय झकास बसते! सकाळपासनं दोन तांबोशा गावल्या."

डोंगल घरी आणून गोड्या पाण्याने धुतला. उन्हात वाळवला. चुलीपाशी शेकला. आणि लावायचा कुठे? लॅपटॉपला ती रुंद जागाच नाही! बाजारातून कनेक्टर आणला. दुकानदार म्हणाला प्रिंटर झकास चालेल. चालला असता. प्रोग्रामला चावी मात्र दिसेना.

तेवढ्यात झारा आली. हातभर मेंदी, ती सांभाळत दोन्ही हात हवेत.

"भाई, अर्धी ओढणी डोक्यावर घेऊन बसू काय मी? लोकं म्हणतील पोरगी अर्ध्यात पळून आली."

अरीबने लॅपटॉप मिटला. मग खरं तेच बोलला. "चाचा, माझं चुकलं. डबा परत जोडता येईल? डिस्क तेवढी मेली होती. माझ्या घरच्या कॉम्प्युटरची काढून आणतो, इमेज तिच्यावर उतरवतो."

"म्हणजे जिन्न परत बाटलीत?" चाचीने विचारलं.

"परत बाटलीत."

चाचा हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं आणि उलट्या क्रमाने स्क्रू उचलायला लागले. दिवस कलताना, असरच्या नमाजापर्यंत, डबा उभा, आत अरीबची डिस्क. शरीर तेच, म्हणून निळी स्क्रीन आलीच नाही. डोंगल मागे बसला. खारट होता, पण जिवंत. प्रोग्राम उघडला आणि मशीनने ओढणीच्या कोऱ्या भागावर टकटक वेलीचं पहिलं पान भरलं.

चाचांनी स्क्रूड्रायव्हर पुसला. "आता लॅपटॉपमध्ये कायच नाय ना? मग तो खोलून बघू?"

झारा मेंदीचे हात वर धरून डब्यासमोर आडवी उभी राहिली. "नवरा उशिरा आला तरी चालंल. पण शेवटचं पान होईस्तोवर ह्या खोलीतल्या कशालाच कोणी हात लावायचा नाय. भाई, तू तर अजिबातच नाय."