परत घेतलेली प्रार्थना

प्रार्थना करणं हा माझा धंदा आहे असं मी म्हटलं की बायको डोळे वटारते. पण खरं सांगायचं तर तसंच आहे. नळवाल्याला जसा न बघता नट सोडवता येतो, तसं मला डोळे मिटले की बोलता येतं. 'हे दयाळू पित्या' एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येतं. कुणाची परीक्षा, कुणाचं बाळंतपण, कुणाचं भावाशी फाटलेलं. मंडळीत मला जो काही मान आहे तो या जिभेमुळे. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली की बरं वाटतं, असं लोक म्हणतात. मला स्वतःला काय वाटतं हे कुणी विचारत नाही, ते एक बरंच आहे.

आमच्या चर्चचा वायरमन आजारी पडला तेव्हाही मी तेच केलं. हा माणूस माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ. चर्चमधले पंखे, दिवे, माइक सगळं तोच बघायचा. माझं प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरून मनगटाकडे बोट दाखवायचा. एकदा तर फ्यूज गेल्याचं निमित्त करून त्याने माइकच बंद केला आणि उपासना संपल्यावर लोकांनी त्याचे आभार मानले. अशा माणसाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न करता तसंच शिवून टाकलं. घरी न्या, दुखणार नाही एवढं बघा, असं त्यांनी आधी बायकोला आणि मग त्यालाही सांगितलं.

मी दर आठवड्याला जायचो. पलंगाशी बसायचो, त्याचा हात हातात घ्यायचो आणि म्हणायचो, "प्रभू, तू याला उठवशील, हा आपल्या पायांनी तुझ्या घरात येईल, असा आमचा विश्वास आहे." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा तो ढसाढसा रडला. मग दर वेळी तेच. खरं तर 'तुझी इच्छा असेल तर' असंही म्हणायचं असतं. पण ते शब्द आले की त्याचा हात माझ्या हातात सैल पडायचा, म्हणून मी ते गाळायला लागलो.

एका दुपारी त्याची बायको चर्चमध्ये आली. मी बाकांवरची गीतांची पुस्तकं गोळा करत होतो. ती उभीच राहिली.

"पाळकसाहेब, पोरीचे सारखे फोन येतायत. तिला यायचंय."

पोरीचं प्रकरण मला माहीत होतं. तिने बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. माझ्या दारात पाय ठेवू नकोस, असं त्याने तिला सुनावलं आणि तेव्हापासून तिचं नावही घरात निघत नव्हतं.

"अजून राग आहे का त्याला?" मी विचारलं.

"राग कधीच गेला हो. तोच तर घोळ आहे. म्हणतात, असा लोळागोळा झालेला बाप तिला दाखवायचा नाही. बरा झालो की मीच जाईन तिच्या घरी, माफी मागीन. ती निघते म्हणाली की फोनवर ओरडतात, येऊ नकोस म्हणून."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना त्याला?"

"सांगितलंय. म्हणतात, डॉक्टरला काय कळतंय, पाळकसाहेब सांगतायत ना मी उठणार म्हणून. मी काही बोलले की म्हणतात, तुझा विश्वास कमी पडतोय." ती एक पाऊल पुढे आली. "तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील. नाहीतर बापलेकीची भेट राहून जाईल."

मी घरी जाऊन बायकोला हे सांगितलं. हे तुमचं काम नाही, असं ती म्हणेल अशी मला आशा होती. तिने भाजी चिरता चिरता मान वर केली.

"अहो, आशा तुम्ही लावलीत, तुम्हीच काढून घ्या. त्या बाईच्या गळ्यात कशाला बांधताय?"

व्यासपीठावरून विश्वासाबद्दल बोलणं सोपं असतं. तिथे समुद्र दुभंगतात, मेलेले उठतात. घराघरांत जाऊन बसलं की विश्वास म्हणजे एवढंच उरतं, की समोरच्याने तुमच्या शब्दावर भार टाकलेला असतो आणि तो शब्द तुम्ही सवयीने टाकलेला असतो. किती जणांना मी पुरलं आहे, ज्यांच्यासाठी याच तोंडाने आयुष्य मागितलं होतं. प्रत्येक वेळी आतलं काहीतरी थोडं थोडं विझत गेलं आणि मी बोलत राहिलो. लोकांना ते कळलं नाही याचंच मला जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. वायरमन उशीला टेकून बसला होता. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात त्याचा टेस्टर तसाच अडकवलेला होता.

"या. माइक खरखरतोय म्हणे. कुणाला हात लावू देऊ नका, मी उठलो की बघतो."

वहिनी, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरात गेली, पण आतून भांड्याचा आवाज येईना. त्याने सवयीने हात पुढे केला आणि डोळे मिटले. मी तो हात हातात घेतला.

"डोळे उघड. आज आधी बोलायचंय."

"काय झालं?"

"पोरीला येऊ दे."

"मीच जाणार आहे की तिच्याकडे."

"तू जाणार नाहीस," मी म्हणालो. "तू आता उठणार नाहीस रे. डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे."

तो हसला. "परीक्षा बघताय होय माझी?"

"नाही."

हसू गेलं.

"मग दर आठवड्याला म्हणत होता, ते काय होतं?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"म्हणताना तुमचा विश्वास होता का पण?"

वेळ मारून नेणं मला चांगलं जमतं. आयुष्यभर तेच केलंय. पण त्या दिवशी जमलं नाही.

"नव्हता," मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि चादरीखाली ठेवला. मग स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, "अगं, पोरीला फोन लाव."

पोरगी आली. मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा ती बापाची नखं कापत होती आणि तो तिला, तिच्या घरातला दिवा का लुकलुकतो ते समजावून सांगत होता. दोघं वादही घालत होती. माझा जीव भांड्यात पडला. निघण्याआधी मी नेहमीसारखा त्याचा हात घ्यायला गेलो.

"नको, पाळकसाहेब," तो म्हणाला. रागावून नाही, समजुतीने. "उगाच तुम्हाला तरी त्रास कशाला? बसा की नुसते. चहा घ्या."

नंतरही प्रत्येक वेळी तेच. मी बसायचो, चहा प्यायचो, माझ्या हातांचं काय करायचं ते मला कळायचं नाही. शेवटी तो अगदी क्षीण झाला तेव्हा मी वाकून विचारलं, फक्त प्रभूची प्रार्थना म्हणू का?

"म्हणा," तो म्हणाला. "तुमच्यासाठी म्हणा."

मी मनातल्या मनात सुरुवात केली. लहानपणापासून पाठ असलेली ती प्रार्थना दुसऱ्या ओळीपुढे सरकेना.

तो गेला तेव्हा पोरगी उशाशी होती. मी पोचलो तोवर घरात माणसं जमली होती, शवपेटी आली होती. वहिनीने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता.

"शेवटी शेवटी ते प्रार्थना करू देत नव्हते."

"हो."

"पण प्रभूकडेच गेले ना हो ते?"

"प्रभूकडेच गेलाय वहिनी," मी लगेच म्हणालो, तिच्या डोळ्यांत बघून. आणि हे खरं असावं असं मला इतकं कळकळून वाटत होतं, की तसं पूर्वी कधी कशासाठी वाटलं नव्हतं. त्याला कुणीतरी दारात उभं राहून आत घ्यावं, माझ्यामुळे त्याला बाहेर ठेवू नये.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"हे खरं सांगताय, पाळकसाहेब? की मला बरं वाटावं म्हणून?"

मी तोंड उघडलं. ती थांबली. पोरगी बाहेरून आईला हाक मारत होती. मग वहिनीने डोळे पुसले, ओट्यावर ठेवलेलं माझं बायबल उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "जाऊ द्या. चला, लोक खोळंबलेत."