नाणे वाजायचे थांबले

मी एक जुने पितळी मोदकपात्र आहे. पलूसच्या शालूबाईंनी मला सांगलीच्या बाजारातून ठोकून, वाजवून घेतले. मित्रांनो, वर्षभर मी माळ्यावर असते आणि गणपतीत एक दिवस सगळे माझे कौतुक करतात. देवाचेही साधारण असेच असते, म्हणून मी तक्रार करत नाही.

माझ्या तळाशी तांब्याचे एक नाणे असते. पाणी उकळते तोवर ते खुळखुळते. ते थांबले की पाणी संपले. मग शालूबाई धावत येत. तीस वर्षांत मी एकदाही करपले नाही.

यंदा मला भर उन्हाळ्यात खाली काढले. शालूबाईंची नात प्रियदर्शनी उद्या जपानला निघाली आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची नोकरी आहे. सांगलीच्या क्लासात ती भाषा शिकली आणि ग्योझा नावाचा तिथला पदार्थही. मैद्याच्या पातळ पारीत कोबी, आले, लसूण भरायचे, कडेला चुण्या घालायच्या आणि वाफवायचे.

“ह्या तर करंज्याच की गं! त्यासाठी जपानला जायाचं व्हय?”

“आज्जी, तू खाऊन तर बघ. मी तिथं उपाशी न्हाई ऱ्हाणार, एवढं तरी तुला कळंल.”

“बरं. वाफंचं मी बघती. तू जा, बॅग भर.”

शालूबाई माझ्या शेजारीच बसल्या. नाणे खुळखुळले, मंदावले, थांबले. शालूबाई माझ्याकडे कौतुकाने बघत बसून राहिल्या. मित्रांनो, मला तोंड आहे, पण त्यावर झाकण असते.

करपल्याचा वास येताच प्रियदर्शनी आतून धावत आली. “आज्जी, नाणं थांबलं की कवाच!”

शालूबाईंनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिले. “कुठं थांबलंय? वाजतंय की अजून!”

प्रियदर्शनीने गॅस बंद केला. मग ती आजीच्या पाठीमागे गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आज्जी, मी जाऊ नको का?”

शालूबाई वळल्या नाहीत. करपलेला ग्योझा फुंकून खात त्या म्हणाल्या, “मीठ बेताचं हाय. जमलंय गं तुला.”

तिसऱ्या प्रहरी प्रियदर्शनीने मला राखेने घासले. डाग निघाल्यावरही ती घासतच राहिली. मी थांब म्हणू शकले नाही.

मित्रांनो, मोदकपात्र वाजायचे थांबले तर झाकण उघडून बघा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अधूनमधून पाठीमागून हाक मारा. निघायच्या आदल्या दिवशी नको. जरा आधी.